लाझारकी कुणासाठी गातात

ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आठ दिवस आधी येतो तो लाझारचा शनिवार. उत्तर मॅसिडोनियातल्या खेड्यांमध्ये त्या दिवशी मुली घरोघर गात फिरतात. या मुली म्हणजे लाझारकी. त्यांच्याविषयी इंटरनेटवर शोधलं की दोन-चार ठरलेली वाक्यं हाती लागतात: रंगीत भरतकामाचे पोशाख, केसांत फुलं, वसंताचं स्वागत. खाली रंगमंचावरचा एखादा व्हिडिओ. मुली अर्धवर्तुळात उभ्या, समोर काळोखात बसलेले प्रेक्षक. मला हे फार खटकतं. या गाण्याचा सगळा जीव ते कुणासाठी गायलं जातंय यात आहे, आणि व्हिडिओत नेमका तोच माणूस नसतो.

मी इचलकरंजीची. श्टिपमध्ये राहते आणि इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत शर्टांचं चेकिंग करते. कॉलरची टोकं जुळतात का, कफची शिलाई सरळ आहे का, बटणं घट्ट आहेत का, यात दिवस जातो. श्टिप हे या देशातलं शिवणकामाचं गाव आहे, आणि शिलाईच्या लाइनवर बहुतेक बायकाच. त्यातल्या एका मैत्रिणीचं माहेर क्रातोवोच्या बाजूच्या डोंगरात आहे. मी मिरजेला गाणं शिकलेली, हे तिला कळलं, आणि लेंटच्या उपासाच्या दिवसांत ती मला आईकडे घेऊन गेली.

ही गाणी लेंटमध्येच शिकवली जातात. ईस्टरआधीचे हे सात आठवडे मांस, दूध, अंडी वर्ज्य. पूर्वी या दिवसांत नाच आणि वाद्यंही बंद असत. झुर्ला आणि तापान, म्हणजे इथली सनई आणि ढोल, खुंटीला टांगून ठेवायचे. गावात उरायचा तो बायकांचा गळा. म्हणूनच या गाण्यांना साथ नाही, असं मैत्रिणीची आई सांगते. तिला मी आजी म्हणते, कारण सगळं गाव तिला आजीच म्हणतं.

आजीच्या स्वयंपाकघरात लोखंडी बंद चूल, वर कॉफीचं भांडं, टेबलावर प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा कपडा. टेबलाभोवती चार मुली. शिकवायची पद्धत अशी की आजी आधी काहीच गात नाही. ती दोघींना खांद्याला खांदा लावून उभं करते आणि एकीचा कान दुसरीच्या गालापाशी आणते. मग एकीला सूर धरायला लावते. हा सूर बदलायचा नाही. तोंड उघडं, आवाज छातीतून आणि गळ्यातून थेट, कुठेही मऊ न करता. दुसरी त्यावर चाल म्हणते. ही चाल म्हणजे जेमतेम तीन-चार स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, रे, कोमल ग, आणि मधूनच खाली कोमल नीपर्यंत बुडी. एवढ्याशा जागेत सगळं गाणं.

आणि त्या जागेत काय घडतं ते सांगते. एक मुलगी सा धरून उभी आहे, दुसरी रेवर येते आणि तिथेच थांबते. हलत नाही. सा आणि रे एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातून तिसराच एक थरथरता नाद उठतो. जवळच्या दोन कंपनांची टक्कर झाली की असा कंप ऐकू येतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. इथे तो दातांत जाणवतो. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे मी लहानपणापासून बसले आहे. घोडीवरचा, तारेखालचा दोरा तसूभर सरकवून ते तानपुऱ्याची जवारी उघडतात, तेव्हा तार एकाएकी गुणगुणायला लागते. या दोन मुलींच्या गळ्यांमध्ये तशी जवारी लागत होती.

चारातली एक मुलगी शाळेच्या वृंदगानात गाणारी. तिचा आवाज सुरेख आणि कान तयार. पण तिच्या कानाला ते घासणं सोसवेना. रेवर थांबायची वेळ आली की ती आपसूक गंधाराकडे सरकायची, म्हणजे दोन स्वर गोड लागतील. आजी दर वेळी तिला थांबवायची. रागवायची नाही, फक्त तिच्या मनगटावर बोट ठेवायची आणि पुन्हा खाली आणायची. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. शेवटी मुलगी त्या स्वरावर टिकली, आणि टिकली तसे तिचे डोळे मोठे झाले. तो कंप तिलाही जाणवला असणार. आजीने काही न बोलता कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं.

ओळ संपते तिथे दोघी मिळून एक उंच ‘ईऽऽ’ वर फेकतात. घरात ऐकलं तर दचकायला होतं. ते उघड्यावरच्या गाण्यासाठी आहे, पलीकडच्या उतारावर ऐकू जावं म्हणून. पुढच्या दोघी तीच ओळ पुन्हा म्हणतात आणि पहिल्या दोघींना दम घ्यायला सवड मिळते. त्यामुळे चालतानासुद्धा गाणं तुटत नाही.

चाल ऋतूची ठरलेली आहे. लाझारची चाल लाझारलाच. कापणीची वेगळी, सेंट जॉर्जच्या दिवसाची वेगळी. एका चालीवर कितीतरी गाणी बसतात, जशी आपल्याकडे जात्यावरच्या एका चालीत शेकडो ओव्या. मी जुलैमध्ये कधीतरी मैत्रिणीला लाझारचं गाणं म्हणून दाखव म्हटलं होतं. तिने शब्द सांगितले, चाल म्हटली नाही. तिच्या मते ते बरोबर नव्हतं, एवढंच.

आता शनिवारचं सांगते. यंदा तो 4 एप्रिलला होता. ओढ्याकाठच्या विलोला नुकती पालवी फुटली होती. दुसऱ्या दिवशीच्या त्स्वेत्नित्सी या सणाला चर्चमध्ये विलोच्याच फांद्या वाटतात, त्यामुळे शनिवारी सगळं गाव फांद्या तोडायला ओढ्यावर. मुली आजीच्या अंगणात जमल्या. जाड सुती सदरे, बाह्यांवर लाल-काळं भरतकाम, वर विणलेले जाड एप्रन. एप्रन आजीच्या सासूचे. त्यांच्यातली एक हातात टोपली घेऊन पुढे.

आणि दारात उभं राहिल्याबरोबर पहिली गोष्ट काय, तर चौकशी. आत कोण कोण आहे? लग्नाची मुलगी आहे का? पाळण्यात कुणी? सैन्यात, परदेशी कुणी? कुणी आजारी? याची उत्तरं मिळाल्याशिवाय गाणं नाही, कारण प्रत्येकाचं गाणं वेगळं. घरधन्याचं वेगळं, त्यात त्याचं अंगण, त्याच्याकडची वर्दळ, त्याचं भरलेलं ताट. मेंढपाळाला त्याच्या कळपाचं. उपवर मुलाच्या गाण्यात घोडा आणि वाट, उपवर मुलीच्या गाण्यात बाग, विहीर, भरतकाम. नव्या सुनेचं वेगळं. पाळण्यातल्या बाळाला वाढीचं. ज्याचं गाणं चालू आहे तो दारात येऊन उभा राहतो आणि बाकीचे मागे सरकतात. ऐंशीच्या घरातले एक आजोबा आपल्या गाण्याला टोपी काढून उभे होते. बायबलमधला लाझारस, ज्याला येशूने चौथ्या दिवशी कबरीतून उठवलं, तो या गाण्यांत जवळपास येतच नाही. धृपदात ‘लाझारे, लाझारे’ अशी हाक तेवढी येते. चर्चने दिवस दिला, गाणी त्याहून जुन्या कशातून तरी आलेली असावीत असं मला वाटतं.

गाणं झालं की टोपलीत अंडी पडतात. याचं कारणही अगदी घरगुती आहे. उपासामुळे सात आठवडे घरात कुणी अंडी खाल्लेली नसतात, आणि कोंबड्या तर ऐन वसंतात भरभरून घालत असतात. घरोघर अंडी साठलेली. मुलींनी जमवलेली अंडी ईस्टरआधीच्या गुरुवारी रंगवायला जातात. पहिलं लाल अंडं मूर्तीपाशी, म्हणजे घरातल्या संतांच्या चित्रापाशी, वर्षभर ठेवायचं. हल्ली टोपलीत पैसे, म्हणजे इथले देनारही पडतात आणि चॉकलेटंही.

एका दारात बाईने चौकशीच्या वेळी फोन पुढे केला. मुलगा स्लोव्हेनियात, बांधकामावर. व्हिडिओ कॉल लावलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे क्रेन. मुली एकमेकींकडे पाहून क्षणभर थांबल्या आणि मग परदेशी गेलेल्या माणसाचं गाणं म्हणू लागल्या. हे गाणं कुणी नव्याने केलेलं नाही. पेचाल्बा, म्हणजे पुरुषांनी वर्षानुवर्षं परमुलखात मजुरीला जाणं, इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. त्यामुळे गेलेल्या माणसाचं गाणं तयारच होतं. मुलाने हेल्मेट काढलं. आईने हात उंच करून फोन धरून ठेवला होता, आणि गाणं संपेपर्यंत तो खाली आणला नाही.

पुढची बरीच दारं बंद होती. 2002 च्या जनगणनेत या देशात 20 लाखांवर लोक होते, 2021 च्या जनगणनेत 18,36,713. आकडा वाचताना फरक लहान वाटतो. लाझारकींबरोबर गल्ली चालली की तो कुलपांत मोजता येतो. बंद दारासमोर काय करायचं यावर मुलींचं एकमत नव्हतं. आजीचं मत पक्कं होतं: घरधन्याच्या गाण्याच्या दोन ओळी म्हणायच्या आणि पुढे जायचं, घर आहे ना अजून. तसंच त्यांनी केलं.

मग माझी पाळी आली. आजीच्या दारात, पाहुणी म्हणून. मला विचारलं, तुझं कोण आहे? मी म्हटलं, मुलगी आहे, अकरावीला, इचलकरंजीत आजोळी राहते. त्यांनी घरापासून दूर असलेल्या मुलीचं गाणं घेतलं. यांच्या ओळी बहुधा आठ अक्षरांच्या. माझ्या मुलीचं नाव लांब, जोडाक्षराचं, ओळीत काही केल्या बसेना. त्यांची कुजबूज झाली. नावाची शेवटची दोन अक्षरं ठेवली, पुढे त्यांच्याकडचा ‘ले’ जोडला, आणि मापात बसवलं. सूर धरणारी नेमकी तीच शाळेच्या वृंदगानातली मुलगी होती. माझ्या लेकीचं नाव रेवर आलं, खाली सा घासत होता, आणि मी दारात उभी होते. मला त्यानंतर काही वेळ बोलता आलं नाही. गाणं नुसतं ऐकणं वेगळं आणि ते आपल्याकडे तोंड करून, आपल्यासाठी गायलं जाणं वेगळं. त्या दिवसापासून मला रंगमंचावरचं लाझारचं गाणं अपुरं वाटतं.

तरी रंगमंचाचं ऋण मी मानते. 1949 मध्ये ‘तानेत्स’ हा सरकारी लोकनृत्य संच स्थापन झाला, 1950 मध्ये स्कोप्येत लोकसाहित्याची संस्था निघाली. खेड्यांतून माणसं शहरांकडे निघाली होती. त्या काळात कुणीतरी ही गाणी टिपून घेतली नसती तर आज आजीसारख्या मोजक्या बायकांच्या आठवणीवर सगळा भार असता. त्याहीआधीचं काम स्त्रुगा गावच्या मिलादिनोव भावांचं. दिमितार आणि कोन्स्तान्तिन. त्यांनी जमवलेली साडेसहाशेहून जास्त लोकगीतं 1861 मध्ये झाग्रेबला छापली गेली, बिशप स्ट्रॉसमायर यांच्या मदतीने. पुढच्याच वर्षी दोघे भाऊ इस्तंबूलच्या तुरुंगात वारले. त्या संग्रहातली दीडशेच्या आसपास गाणी स्त्रुगाच्या एकाच मुलीने सांगितलेली, देपा कावाएवा तिचं नाव. दीडशे गाणी एका मुलीच्या डोक्यात! पुतळे भावांचे आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण मला देपाविषयी जास्त वाचायला आवडेल. तिने ती गाणी कुठल्या दारांत गायली असतील, कुणासाठी?

वसंताचे इतर दिवसही इथे बायकांच्याच हातात आहेत, गाणं असो वा नसो. 1 मार्चला मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात, तो मार्टिंका. करकोचा किंवा पाकोळी दिसली की सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. आमच्या लाइनवर शिलाई मशिनवरच्या सगळ्या हातांत तो असतो. 22 मार्चला श्टिपमध्ये चाळीस हुतात्म्यांचा दिवस. हे सेबास्ते इथले हुतात्मे, आजच्या तुर्कस्तानातलं सिवास. त्या दिवशी सगळं गाव इसार टेकडी चढतं. चाळीस ओळखीच्या माणसांना भेटून शुभेच्छा द्यायच्या, चाळीस खडे आणि चाळीस फुलं किंवा डहाळ्या गोळा करायच्या. वरून एकोणचाळीस खडे ब्रेगाल्नित्सा नदीत टाकायचे, मनात इच्छा धरायची, आणि चाळिसावा खडा रात्री उशीखाली घेऊन झोपायचं. 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत याची नोंद झाली. चाळीस ओळखीची माणसं भेटण्याची अट मला सगळ्यात आवडते. परगावच्या माणसाला ती सुरुवातीला जड जाते. मला कारखान्यातल्या बायकांनी हाताला धरून एकेकाकडे नेलं आणि माझी ओळख करून देत देत संख्या भरून दिली.

6 मे हा ग्युर्गोव्देन, सेंट जॉर्जचा दिवस. पहाटे दवात रानात जायचं, औषधी पाला आणि फुलं गोळा करायची, ती पाण्यात ठेवून त्या पाण्याने तोंड धुवायचं. दाराला हिरव्या फांद्या. मेंढ्यांचं धारेचं काम त्या दिवशी मानाचं, पहिल्या मेंढीला फुलांची माळ. आणि झाडांना झोके. झोक्यावर मुलगी बसली की झोका देणाऱ्या तिच्या नावाला गाण्यात एखाद्या मुलाचं नाव जोडतात. म्हणजे इथेही तेच, गाणं कुणाच्या तरी नावाचं. याच दिवशी रोमा लोकांचा एदेर्लेझी असतो, स्कोप्येच्या शुतो ओरिझारी वस्तीत तो मोठ्या थाटात होतो. तुर्की बोलणाऱ्यांचा हिदिरेल्लेझही त्याच दिवशी. एकाच सकाळी तीन नावांनी तेच पाणी, तोच पाला.

एका रीतीने मात्र मला थेट आपल्या मुलखात नेलं. पाऊस लांबला की दोदोले काढायचे. एका मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाल्यात गुंडाळायचं, बाकीच्या मुली तिच्याबरोबर घरोघर गात जायच्या, आणि दारात आलं की घरच्या बाईने तिच्या अंगावर घागरभर पाणी ओतायचं. हे मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणून दाखवलं. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात पोराला कडुनिंबाच्या पाल्यात असंच गुंडाळतात, अशीच दारोदार फिरवणी, असंच पाणी. दोन गावांमध्ये हजारो किलोमीटर, मधे कुठलीही वाट मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायका उठून आल्या आणि धोंडीची चाल त्यांनी दोनदा म्हणून घेतली. त्यातल्या एकीने लगेच खाली सूर धरला. धोंडीला सूर धरलेला मी आयुष्यात प्रथमच ऐकला, आणि तो शोभला.

आजीकडे एक शाळकरी वही आहे. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, लग्नाआधी लिहिलेली. त्यात गाण्यांना नावं नाहीत. वर लिहिलंय: घरधन्याला. विधवेला. जुळ्यांना. ज्याच्या घरी मूल नाही त्याला. सैनिकाला. गुरुजींना. नव्या घराला. मी ती पानं फोनवर उतरवून घेतली आहेत आणि आता आजीला बसवून एकेक गाणं ध्वनिमुद्रित करते आहे. प्रत्येक फाइलला मी तेच नाव देते, आणि पुढे ते गाणं तिने शेवटचं कुणाच्या दारात म्हटलं तेही लिहिते. जुळ्यांचं गाणं ती गेली कित्येक वर्षं म्हणालेली नाही, गावात जुळी झाली नाहीत. मुलींना ते अजून शिकवलेलं नाही. पुढच्या लेंटमध्ये शिकवणार आहे.

2027 मध्ये इथला ईस्टर 2 मे रोजी आहे, त्यामुळे लाझारचा शनिवार 24 एप्रिलला येईल, ग्युर्गोव्देनच्या जेमतेम दोन आठवडे आधी. लेकीचं तिकीट काढते आहे. आजीने विचारलंय, तिला सूर धरता येतो का.

तुमच्यापैकी जे जर्मनीत, ऑस्ट्रियात, इटलीत, स्वित्झर्लंडमध्ये आहेत, त्यांच्या शेजारात किंवा कामावर मॅसिडोनियन बायका नक्की असतील. चाळिशीपुढच्या कुणाला तरी विचारून बघा की लहानपणी त्यांच्या दारात लाझारकी यायच्या का, आणि त्यांच्यासाठी कोणतं गाणं म्हटलं होतं. कुणाला ओळ आठवली, तर माणसाच्या आणि गावाच्या उल्लेखासह खाली लिहा. मी आजीला वाचून दाखवीन.